पांडवकालीन मंदिर आणि चार टिल्ड : मराठी विकिपीडियावर नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

"निसर्गाच्या कुशीत वसलेल्या आमच्या गावात पांडवकालीन हेमाडपंती महादेव मंदिर असून ते जागृत देवस्थान आहे." मराठी विकिपीडियावर मी लिहिलेलं हे पहिलं वाक्य. अर्ध्या तासात ते गेलं. मी परत टाकलं, परत गेलं. तिसऱ्यांदा टाकलं तेव्हा माझ्या चर्चापानावर कुणीतरी दोन ओळी ठेवल्या होत्या: पांडवकालीनही म्हणताय आणि हेमाडपंतीही म्हणताय, दोन्हींना संदर्भ द्याल का?

मी तडक चावडीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर गेलो आणि लिहिलं, "आमच्या गावचं आम्हाला विचारा, पुण्यात बसून शिकवू नका." तो सदस्य पुण्याचा होता की पोर्तुगालचा, मला काही पत्ता नव्हता. ते वाक्य त्या पानाच्या इतिहासात, म्हणजे जुन्या बदलांच्या नोंदीत, आजही शाबूत आहे.

आता हसू येतं. हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, तेराव्या शतकातला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायची शैली पांडवांनी आगाऊच उचलली असं मी एका वाक्यात म्हणून बसलो होतो. समोरच्याने ते किती सौम्यपणे विचारलं होतं हे तेव्हा दिसलंच नाही.

पुढे मी तिथे रमलो, कार्यशाळांत नव्या लोकांना शेजारी बसवून शिकवलंही. नवा माणूस साधारण माझ्याच चुका माझ्याच क्रमाने करतो, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

सुरुवातीला जवळ काय हवं

- चालू ईमेल. खातं काढताना तो सक्तीचा नाही, पण पासवर्ड विसरलात तर दुसरा मार्ग नाही.
- देवनागरी टंकनाची सोय. मोबाइलचा मराठी कीबोर्ड चालतो. संगणकावर विकिपीडियाची स्वतःची सोय आहे; लिहिण्याच्या चौकटीत कंट्रोल आणि एम दाबलं की ती चालू-बंद होते.
- ज्यावर लिहायचं त्यावर छापील किंवा भरवशाचा किमान एक संदर्भ, शक्यतो दोन. पुस्तक असेल तर पान क्रमांकासकट.
- आठवडाभर थांबायची तयारी. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून चालू आहे, पण तिथे पगारी कुणी नाही. प्रचालक, म्हणजे पानं आणि खाती अडवण्याचे अधिकार असलेले सदस्य, मोजके आहेत आणि त्यांनाही नोकऱ्या आहेत.

1. खातं घरून काढा, आणि एकच काढा

खातं नसतानाही बदल करता येतात, पण चर्चेत उतरायचं असेल तर नाव हवं. सदस्यनाव टोपणनाव असलं तरी हरकत नाही. मंडळाचं, दुकानाचं, पतसंस्थेचं नाव मात्र घेऊ नका. खातं माणसाचं असतं, संस्थेचं नाही, आणि तीन जणांनी एक खातं वापरणं चालत नाही.

कार्यशाळेला जाणार असाल तर आदल्या दिवशीच हे उरका. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती निघतात. भाषा पंधरवड्यात एका महाविद्यालयात मी हे विसरलो. चाळीस मुलं बसलेली, सातव्याला लाल अक्षरांत नकार आला आणि पुढचा तास मुलं मोबाइलचा डेटा चालू-बंद करत बसली.

हेच खातं इंग्रजी विकिपीडियावर, विकिस्रोतावर (जुन्या पुस्तकांचं भांडार), कॉमन्सवर (फोटोंचं भांडार), सगळीकडे चालतं. त्यामुळे दुसरं काढायचं कारणच उरत नाही. दोन खात्यांनी एकाच चर्चेत "सहमत" लिहिणं म्हणजे बोगस मतदान. तांत्रिक तपासणीत ते उघडं पडू शकतं आणि मग दोन्ही खाती अडवली जातात.

2. कुठे काय बोलायचं ते आधी ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. जागा चार आहेत.

लेखाचं पान हे वाचकांसाठी. तिथे बोलायचं नसतं. "वरील माहिती चुकीची आहे, कृपया प्रशासनाने दुरुस्त करावी" असं लेखाच्या पोटात लिहिलेलं मी कितीदा काढलं असेल, मोजलं नाही. खाली आपला मोबाइल नंबर देणारेही असतात. नंबर कुठेच देऊ नका. पानावरून पुसला तरी इतिहासात राहतो, आणि तिथून काढायला खास अधिकार असलेल्याला विनंती करावी लागते.

लेखाचं चर्चापान हे त्या लेखातल्या मजकुराबद्दल. गावाच्या लेखाचं चर्चापान म्हणजे ग्रामसभा नव्हे. नळाला पाणी कधी येणार हे तिथे विचारून उपयोग नाही.

सदस्याचं चर्चापान म्हणजे एखाद्याच्या दारावरची पाटी. एका माणसाशी त्याच्या एखाद्या बदलाबद्दल बोलायचं तर तिथे. पाटी उघडी असते, सगळं गाव वाचतं, हे विसरू नका.

आणि चावडी. शीर्षकं कशी असावीत, एखादा साचा (अनेक लेखांत वापरायची ठरावीक चौकट) बदलावा का, असे सगळ्यांना लागू होणारे विषय इथे. आपला एक परिच्छेद उडाला म्हणून थेट चावडी गाठणं म्हणजे बांधाच्या भांडणासाठी मंत्रालय.

3. आठवडाभर नुसतं बघा

धूळपाटी नावाचं पान आहे, तिथे हवं ते गिरवा. "अलीकडील बदल" उघडून लोक काय करतात ते पाहा. एखाद्या जुन्या लेखाचा "इतिहास" वाचा. कुणी काय घातलं, कुणी काढलं, का काढलं, सगळं ओळीने दिसतं. तिथले शब्दही तिथेच कळतात. आपोआप कामं करणारी खाती म्हणजे सांगकामे. कुणाचं नाव घेऊन त्याला सूचना जाईल असं हाक मारणं म्हणजे साद.

सांगकाम्याशी वाद घालू नका. मी घातला आहे, दोन दिवस.

4. बदल करताना आढावा लिहा

पान प्रकाशित करण्याआधी बदलांचा आढावा लिहायला एक छोटी चौकट असते. नवा माणूस ती रिकामी सोडतो. चार शब्द पुरतात: "जनगणना 2011 प्रमाणे लोकसंख्या दुरुस्त". ज्याच्या हातात तुमचा बदल तपासायचं काम येतं त्याला दिवसात असे ढीगभर बदल बघायचे असतात. आढावा असला की तो संदर्भ बघायला जातो, नसला की शंका घ्यायला.

आढाव्यात टोमणे नकोत. "अडाण्यांची चूक सुधारली" हेही कायम राहतं.

5. मजकूर उलटवला, म्हणजे तुमचा बदल काढून पान आधीसारखं केलं गेलं तर

जाणारच आहे, तेव्हा तयारी ठेवा. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर 24 तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली तर अडवतात, असा लेखी नियम आहे. मी स्वतःपुरता त्याहून कडक नियम ठेवला आहे: एकदा टाकलं, कुणी काढलं, की दुसऱ्यांदा टाकायचं नाही. आधी इतिहासात जाऊन त्याने आढाव्यात काय लिहिलं ते वाचायचं, मग चर्चापानावर जायचं.

कधी कधी मजकूर काढत नाहीत, शेजारी "संदर्भ हवा" अशी पाटी लावतात. लोकांना हा अपमान वाटतो. खरं तर ही सवलत आहे: वाक्य राहू दिलंय, पुरावा आणा. ती पाटी पुराव्याशिवाय काढणं ही मात्र आगळीक.

6. चर्चापानावर लिहिण्याची रीत

आता मुख्य गोष्ट. चर्चा वाक्याबद्दल होते, तुमच्याबद्दल नाही. तुम्ही गावात चाळीस वर्षं राहता, निवृत्त मुख्याध्यापक आहात, तुमचे आजोबा त्या देवळाचे पंच होते, हे सगळं खरं असलं तरी तिथे त्याचं वजन शून्य. सुरुवातीला हे फार लागतं. आपल्याकडे माणूस बघून शब्दाची किंमत ठरते, इथे शब्दाखालचा कागद बघतात. पण यात एक सुखही आहे. समोर कुणी मोठा प्राध्यापक असला तरी कागद त्यालाही दाखवावा लागतो.

मी पहिल्यांदा लिहिलं होतं ते वर आलंच आहे. तेच आता असं लिहीन:

"नमस्कार. 'इतिहास' विभागातलं मंदिराबद्दलचं वाक्य आपण काढलंत. 'पांडवकालीन' याला माझ्याकडे संदर्भ नाही, ते मागे घेतो. मंदिराचा उल्लेख जिल्हा गॅझेटिअरमध्ये (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात) आहे, पान क्रमांक खाली देतो. त्यावरून पुढील वाक्य सुचवतो. हरकत नसल्यास आठवड्याने लेखात घालेन."

या पाच-सहा ओळींत जे आहे ते बघा. कुठलं वाक्य, हे नेमकं सांगितलं. आपलं चुकलेलं आधी सोडलं. पुरावा दिला. बदली वाक्य तयार दिलं, म्हणजे समोरच्याला "हो" म्हणणं सोपं. आणि मुदत दिली. मुदत नसली की चर्चा लोंबकळते.

बाकी रिवाज झटपट सांगतो.

नवा विषय असेल तर नवं शीर्षक देऊन सगळ्यात खाली सुरू करा, वर घुसू नका. उत्तर देताना ओळीच्या सुरुवातीला एक अपूर्णविराम (:) टाकला की ती थोडी आत सरकते. उत्तराला उत्तर असेल तर दोन. हल्ली प्रत्येक प्रतिसादाखाली उत्तराचा दुवा असतो, तो दाबला की हे आपोआप होतं.

शेवटी सही. चार टिल्ड (~~~~) टाकले की तुमचं नाव आणि वेळ उमटते. इथे नवे लोक हमखास अडतात, कारण इनस्क्रिप्ट (मराठी टंकनाची एक कळरचना) चालू असताना त्या कळीवर टिल्ड येतच नाही. एक काका माझ्यासमोर चार वेळा ती कळ दाबत होते, चार भलतीच अक्षरं येत होती आणि ते त्याखाली आपलं पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड लिहीत होते. मराठी टंकन क्षणभर बंद करा किंवा वरच्या पट्टीतलं सहीचं बटण वापरा. उत्तराचा दुवा वापरलात तर सही आपोआप पडते. सही फक्त चर्चेत. लेखाच्या पानावर नाही.

दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करू नका, शुद्धलेखनसुद्धा. आपलं वाक्य मागे घ्यायचं असेल आणि त्यावर कुणी उत्तर दिलेलं असेल, तर ते पुसू नका, खोडरेघ मारा. नाहीतर खालचं उत्तर अधांतरी लटकतं आणि उत्तर देणारा वेडा दिसतो.

सरसकट अहो-जाहो. समोरचा अकरावीतला पोरगा आहे की निवृत्त तहसीलदार, कळायला मार्ग नाही. "दादा", "सर", "ताई" यातलंही काही नको, अंदाज चुकतो. "नमस्कार" आणि "आपण" एवढ्यावर भागतं. समोरच्याचं खरं नाव, नोकरी, गाव ओळखीचं निघालं तर ते तिथे उघड करणं हा मोठा गुन्हा मानतात. आणि "कोर्टात खेचीन" ही भाषा एकदा आली की चर्चा तिथेच थांबते, बहुतेक वेळा खातंही.

7. "सहमत"ची गर्दी गोळा करू नका

तिथे कौल घेतात, म्हणून लोकांना वाटतं निवडणूक आहे. तसं नाही. कारणं तोलतात, डोकी मोजत नाहीत. संदर्भ दिलेली दोन मतं आणि नुसती "सहमत" अशी बारा मतं यांत दोनांचं पारडं जड होऊ शकतं.

मी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चेचा दुवा टाकला होता, "सगळ्यांनी पाठिंबा द्या" म्हणून. रात्री अकरा ते बारा या वेळात नऊ नवी खाती आली. आठांनी "सहमत" लिहिलं, एकाने "शुभ रात्री". मुद्दा खरं तर माझ्या बाजूने झुकत होता, या प्रकाराने तो पडला. नंतर कुणाला विश्वास ठेवायला लावण्यात तीन महिने गेले. मदत हवीच असेल तर चावडीवर एक ओळ लिहा: अमुक लेखाच्या चर्चापानावर मतं हवी आहेत. कुठल्या बाजूने, हे लिहायचं नाही.

8. काय संदर्भ चालतो, काय उचलता येतं

गावाच्या लेखाला उपयोगी पडतं ते: 2011 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका, त्यात गावनिहाय लोकसंख्या मिळते. जुना बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटिअर, जेम्स कॅम्पबेलच्या संपादनातला. आमच्या साताऱ्याचा खंड 1885 चा आहे, इंग्रजीत. राज्य शासनाने नंतर काढलेले गॅझेटिअर, मराठी विश्वकोश, विद्यापीठांची प्रकाशनं, वर्तमानपत्रांतल्या सहीच्या बातम्या. यात्रेच्या स्मरणिका, फेसबुकवरचे लेख आणि "जाणकार सांगतात" हे चालत नाही.

संदर्भ देणं वेगळं आणि मजकूर चिकटवणं वेगळं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचं लेखन 2011 पासून मोकळं आहे. कालच्या वर्तमानपत्रातला परिच्छेद मोकळा नाही, शेवटी नाव दिलं तरी नाही. आणि तुम्ही स्वतः जे लिहिता ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जातं. कुणीही ते श्रेय देऊन वापरू शकतो, विकूसुद्धा शकतो. नंतर तक्रार चालत नाही.

फोटो स्वतः काढलेला असला की प्रश्न मिटला. इंटरनेटवरून घेतलेला, व्हॉट्सअॅपवर आलेला, फोटो स्टुडिओने काढून दिलेला फोटो कॉमन्सवरून काढून टाकतात.

चॅटबॉटकडून लेख लिहून घेऊन टाकणारे आता वाढलेत. त्यात संदर्भ म्हणून दिलेली पुस्तकं कधी कधी अस्तित्वातच नसतात. एकदा सापडलं की तुमचे आधीचे खरे बदलही कुणी ना कुणी तपासायला घेतो.

9. स्वतःबद्दल, काकांबद्दल, साहेबांबद्दल

लिहू नका. आपल्या संस्थेच्या लेखात एखादी चूक असेल तर चर्चापानावर संदर्भासकट सांगा, दुसरा कुणी करेल. पैसे घेऊन लिहीत असाल तर कोण देतंय हे जाहीर करणं बंधनकारक आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेच्या वापरअटींत 2014 पासून हे कलम आहे. "कार्यसम्राट" हा शब्द लेखात दिसला की जुने सदस्य थेट इतिहास उघडतात.

10. खातं अडवलं तर

बहुधा ते काही तासांचं किंवा दिवसांचं असतं. स्वतःच्या चर्चापानावर सहसा तेव्हाही लिहिता येतं. तिथे काय चुकलं ते एका वाक्यात लिहा आणि पुन्हा विचार करायची विनंती करा. नवं खातं काढून परत येणं हा सगळ्यात वाईट पर्याय. दोन दिवसांची गोष्ट कायमची होते.

11. चर्चा मिटल्यावर

ठरलेला बदल लेखात करा आणि आढाव्यात "चर्चापानानुसार" लिहा. हे राहिलं तर सहा महिन्यांनी कुणी तिसराच येतो, चर्चा न वाचता वाक्य काढतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या गावावर त्या 1885 च्या खंडात चार ओळी निघाल्या. महादेवाचं देऊळ आहे एवढा उल्लेख, पांडव नाहीत, हेमाडपंत नाहीत. आठवडी बाजार सोमवारी भरतो असं मात्र आहे. आता तो गुरुवारी भरतो, माझ्या आठवणीत कायम गुरुवारीच. लेखात दोन्ही वार आहेत. सोमवारला गॅझेटिअरचं पान जोडलंय, गुरुवारला अजून "संदर्भ हवा"ची पाटी आहे. ती मीच लावली. बाजाराच्या लिलावाची जाहिरात ग्रामपंचायत दरवर्षी वर्तमानपत्रात देते, तिचं कात्रण मिळालं की काढेन.